कोणती रिंग घट्ट?



गेल्या महिन्यात माझ्या मोटारसायकलचं डोकं दुखायला लागलं. हसू नका! इंजिनच्या वरच्या भागाला ‘हेड’च म्हणतात आणि तिथूनच घर्र घर्र आवाज येत होता.

या हेडमध्ये कॅम नावाचा दांडा फिरतो. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. ते फिरता फिरता इंजिनच्या झडपा उघडतात. एक झडप पेट्रोल-हवा आत घ्यायची, दुसरी धूर बाहेर सोडायची. माझ्या गाडीत हा दांडा दोन बॉल बेअरिंगांवर फिरतो. त्यातलं एक बेअरिंग झिजलं होतं.

गॅरेजवाल्या काकांकडे आठ दिवसांची रांग. म्हणून रविवारी दादानं आणि मी घरीच काम काढलं. खुणा नीट जुळवून घेतल्या, साखळी उतरवली, कॅम बाहेर काढला. जुनं बेअरिंग पुलरनं ओढून काढलं. नवं बसवताना मात्र मी हातोडी उचलली. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर दिले चार ठोके! बसलं की! पण बोटानं फिरवलं, तर कट्‌कट् अडखळायला लागलं. कोरं बेअरिंग पाच मिनिटांत वाया!

सोमवारी वर्गात ही फजिती सांगितली. सगळे हसले. चौथीतला एक मुलगा मात्र हसला नाही. त्याचे बाबा मेकॅनिक आहेत. त्यानं विचारलं, “बाई, कोणती रिंग घट्ट होती?”

मला उत्तरच देता येईना. मग त्यानंच समजावलं. बेअरिंगला दोन रिंगा असतात, एक आत, एक बाहेर. मध्ये गोळ्या. माझ्या कॅमवर आतली रिंग घट्ट बसते आणि मी ठोकत होते बाहेरची! प्रत्येक ठोका गोळ्यांमधून आत गेला आणि गोळ्यांनी रिंगच्या गुळगुळीत खाचेत खड्डे पाडले. “जी रिंग घट्ट, तिच्यावरच जोर द्यायचा, बाई.”

नवं बेअरिंग कसं ओळखायचं, तेही त्यानंच सांगितलं. त्याच्यावर ६००४ किंवा ६२०४ असा नंबर असतो. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्याहून मोठे असले, तर त्यांना ५ नं गुणा. ४ × ५ = २०. आतलं भोक २० मिलिमीटरचं!

दोस्तांनो, याच मुलाला शुक्रवारी पाचाचा पाढा आला नाही म्हणून मी मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवलं होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी त्याला तसं सांगितलंही.

पुढच्या रविवारी हत्यारं विचार करून निवडली. मापं घ्यायला व्हर्निअर. ठोकायला फक्त आतल्या रिंगलाच टेकेल असा सरळ कापलेला पाइप. शेवटी बोल्ट ठरावीक जोरानंच आवळायला टॉर्क पाना. डोळ्यांवर चष्मा. आणि सगळ्यात गमतीचं हत्यार म्हणजे आईचा फ्रीज! कॅम पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, मटारांच्या शेजारी. आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही!

सकाळी बेअरिंग दिव्याखाली गरम केलं. थंडीनं दांडा आकसतो, उष्णतेनं रिंग पसरते. दोघांच्या तापमानात ८० अंशांचा फरक असेल, तर २० मिलिमीटरच्या भोकाला सुमारे ०.०२ मिलिमीटर जागा जास्त मिळते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण तेवढी पुरली. पाइपवर दोन हलके ठोके आणि बेअरिंग जागेवर!

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, तीही अशीच. धाव तापवून पसरवायची, लाकडी चाकावर घालायची आणि वर पाणी ओतायचं. ती आकसते आणि चाक करकचून धरते. आपल्या गावातल्या लोहारकाकांना ही युक्ती केव्हाची ठाऊक आहे.

तुमच्यासाठी एक गणित. आपल्या चार-स्ट्रोक इंजिनात मुख्य दांड्याचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर कॅम किती घेईल? आणि हो, गाडीला हात लावायचा तो घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊनच.

काही अडलं, तर ठोकण्याआधी विचारा, कोणती रिंग घट्ट?

तुमच्या,
बाई