पायगुण, काल्गुण आणि आकाशातला साक्षीदार

नवी सून उंबरठा ओलांडून आली आणि आठवड्याभरात सासरे अंथरुणाला खिळले, की मराठी घरात ‘पायगुण’ हा शब्द निघतो आणि शेजारच्या कन्नड घरात ‘काल्गुण’. भाषा दोन, तर्क एकच: एकापाठोपाठ घडले, म्हणजे एकामुळे दुसरे घडले. बोल मात्र त्या मुलीला लागतो, आणि तो जन्मभर पुसला जात नाही.

अशीच एक जोडी एकदा शास्त्रज्ञांपुढेही आली होती. ४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. लहरी आकाशाच्या ज्या पट्ट्यातून आल्या असाव्यात, त्याच पट्ट्यात दुसऱ्या दिवशी हवाई बेटांवरील ‘ॲटलास’ दुर्बिणीला विझत जाणारा एक प्रकाश दिसला. तो त्या मीलनाचाच असेल काय?

उलगडा झाला तो आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’मुळे. इस्रोचा हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अंतराळात गेला. त्यावरील ‘सीझेडटीआय’ या उपकरणाची माहिती पुण्याच्या ‘आयुका’त हाताळली जाते. गॅमा किरण पृथ्वीचे वातावरण अडवते, म्हणून त्यांच्यासाठी पहारेकरी वरच ठेवावा लागतो. हे उपकरण एका दिशेला रोखलेले असते. पण हे किरण इतके भेदक, की उपकरणाच्या बाजूंमधूनही आत शिरतात. म्हणूनच इतर दिशांचे स्फोटही त्याला कळतात. २०२३ सालापर्यंत त्याने असे ६०० स्फोट नोंदवले.

वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी त्या दोन दिवसांच्या नोंदी तपासल्या. लहरी आल्या त्या क्षणी उपकरणाला काहीच आढळले नव्हते. मात्र सुमारे २० तासांनी, ५ जानेवारीला, गॅमा किरणांचा एक वेगळाच स्फोट झाला होता. ‘ॲटलास’ला दिसलेला प्रकाश ही त्या स्फोटामागे उरलेली धग होती. कृष्णविवरांशी तिचा काही संबंध नव्हता.

वाचकहो, एवढ्या अफाट आकाशातली दोन घटनांची जवळीकही निव्वळ योगायोग ठरली. मराठीत आणि कन्नडमध्येही अशा योगायोगाला ‘काकतालीय’ म्हणतात; कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तेव्हा घरात कोणी ‘पायगुण’ म्हणाले, तर आधी दवाखान्याचे जुने कागद काढावेत आणि तारखा पाहाव्यात. सासऱ्यांचे दुखणे बहुधा लग्नपत्रिका छापण्याच्याही आधीचे निघेल.