नागिणीला उतारा नको, औषध हवे

'नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो,' असे आपल्या वस्त्यांतून आजही सांगितले जाते. मग गेरूचा लेप, मंत्र, उतारा यातच दिवस जातात.

बंधू-भगिनींनो, नागीण हा कुणाचा कोप नव्हे. पूर्वी होऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतात. वय झाले किंवा आजाराने प्रतिकारशक्ती घटली की ते पुन्हा उठतात. फोड एकाच मज्जातंतूच्या वाटेने येतात, म्हणून पट्टा बहुधा अंगाच्या एकाच बाजूला असतो.

फोड दिसल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्यास गुण चांगला येतो. म्हणून सरळ घाटी रुग्णालय गाठावे. डोळ्याजवळ फोड असल्यास क्षणही दवडू नये. फोड सुकल्यावरही आग महिनोन्महिने छळू शकते, म्हातारपणी तर अधिकच.

पन्नाशीपुढच्यांसाठी २०२३ पासून भारतात शिंग्रिक्स ही लस मिळते. दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने घ्यायचे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. म्हणून प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांनीही डॉक्टरांना जरूर विचारावे. मात्र ती सरकारी मोफत लसीकरणात नाही आणि एका डोसलाच हजारो रुपये पडतात. हमाली, धुणीभांडी करणाऱ्या घराने ते आणायचे कोठून? वृद्धांना ही लस मोफत मिळावी, ही मागणी आपल्या मंडळांनी लावून धरावी. तोपर्यंत ७२ तासांचा हिशेब घरोघरी पोचवू या.