कच्चे घर कोणाचे?

दिवाळी आली, की चार दिवस मातीला मान मिळतो. मुले अंगणात किल्ला रचतात, हात कोपरापर्यंत चिखलाने भरवून घेतात आणि आई रागावत नाही. दारात पणत्या लागतात, त्याही मातीच्याच. भाऊबीज उलटली, किल्ला मोडला, की माती पुन्हा 'घाण' होते. सणासुदीला कुरकूर करू नये, हे मान्य. पण मातीविषयीचा आपला हा दुटप्पीपणा एका ठिकाणी इतका उघडा पडला आहे, की बोलल्यावाचून राहवत नाही. ते ठिकाण म्हणजे वर्ध्याजवळचे सेवाग्राम, आणि तेथील बापूकुटी.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला आले, तेव्हा त्यांना सदुसष्टावे वर्ष चालू होते. (विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.) राहण्याच्या जागेसाठी त्यांनी अट घातली : साहित्य जवळपासचे, कारागीर गावचे आणि खर्च शंभर रुपयांच्या आत. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली झोपडी. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी. तिने मातीच्या भिंतीवर मातीनेच ताडाची झाडे आणि चरखा उठवला. पुढे गांधीजी त्या झोपडीत राहू लागले. ऑगस्ट १९४६ मध्ये ते सेवाग्रामहून निघाले, ते परत आले नाहीत.

कुटीत पाहण्यासारखे काय आहे? थाटमाट म्हणाल तर काहीच नाही. मातीच्या भिंती, लाकूड, बांबू, वर उतरते कौलारू छप्पर, बाहेर ओसरी, खाली सारवलेली जमीन आणि चटई. परंतु जरा थांबून पाहावे. पाहुण्याने बसावे कोठे, आजाऱ्याला निजवावे कोठे, आपण लिहीत बसावे कोठे, हे त्या एवढ्याशा जागेत नेमके ठरलेले आहे. इव्हान इलिच हा युरोपीय विचारवंत जानेवारी १९७८ मध्ये या कुटीत येऊन बसला आणि सेवाग्रामच्या परिषदेत भाषणाला उभा राहिला, तो तिच्याचविषयी बोलला. आपण घरे बांधतो ती सामानासाठी. ही माणसासाठी बांधलेली आहे.

शिवाय वर्ध्याचा वैशाख! पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मातीची जाड भिंत ऊन सावकाश पिते. कौलांच्या फटींतून तापलेली हवा निसटते. पुढे आलेली पागोळी भिंतीला उन्हापासून आणि पावसापासून वाचवते. उलट सिमेंटचा सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री घरातल्या माणसांवर ती धग ओततो.

आता गंमत पाहा. आपण या कुटीबाहेर चपला काढतो, आवाज खाली आणतो, मुलांना नमस्कार करायला लावतो. आणि सरकारी मोजणीच्या कागदात मातीची भिंत 'कच्ची' या सदरात पडते! पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. बेघरांबरोबरच कच्च्या भिंतीच्या आणि कच्च्या छपराच्या लहान घरांतून राहणारे तिचे लाभार्थी. योजना गरजवंतांची आहे, तिची चेष्टा करण्याचे पाप मी करणार नाही; स्थानिक साहित्य वापरावे, हेही तिच्या सूचनांत आहे. पण 'पक्के' म्हणजे सिमेंट ही समजूत गावोगाव अशी रुतून बसली आहे, की तो कागद वाचतो कोण? एक झोपडी आपण देव्हाऱ्यात बसवली आणि तिच्या सगळ्या बहिणींना 'कच्च्या' म्हणून जातीबाहेर टाकले!

यावर खेड्यातली बाई मला विचारील, "बोलायला तुमचे काय जाते? दर वर्षी लिंपायचे कोणी? वाळवी, विंचू, गळके छप्पर सोसायचे कोणी?" तिचे बरोबर आहे. सारवणाचे पोतेरे पिढ्यान्‌पिढ्या बाईच्याच हाती राहिले आणि त्या श्रमाला कोणी काम म्हटले नाही. साप तर बापूकुटीलाही चुकले नव्हते. ते न मारता धरून दूर सोडण्याचा लाकडी चिमटा आश्रमात आजही पाहायला मिळतो. मातीचे घर सोपे असते, असे मी म्हणत नाही. परंतु सिमेंटमागे आपण जी विद्या आणि जो पैसा ओतला, त्याचा शतांश तरी मातीच्या वाट्याला आला का? लॉरी बेकर या ब्रिटिश वास्तुशिल्पीला गांधीजींनी सुचवले होते, की घराचे साहित्य पाच मैलांच्या आतले असावे. बेकरने हा सल्ला जन्मभर मनात बाळगला आणि केरळात कमी खर्चाची, टिकाऊ, देखणी घरे उभी केली. म्हणजे उणीव मातीत नाही, आपल्या इच्छेत आहे.

म्हणून गरिबाला मातीची महती सांगू नका. तो आपल्याकडे पाहून शिकतो. गांधीजींनी आधी स्वतः त्या झोपडीत बिऱ्हाड केले, मग तोंड उघडले. सुरुवात ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून, शाळेपासून, शहरी मंडळींच्या शेतघरापासून होऊ द्या. कौले घडवणाऱ्या कुंभाराला आणि भिंत लिंपणाऱ्या बाईला गवंड्याइतकी मजुरी द्या. आणि सर्वांत आधी तो 'कच्चे' शब्द खोडा.

हे जमणार नसेल, तर बापूकुटीची कौले मात्र दर वर्षी नीट शाकारून ठेवा. मातीत राहायची लाज वाटणाऱ्यांना नमस्कार करायला एखादी जागा हवीच!