इटलीला जा, पण आधी अंकाई बघा



आपल्या समाजात युरोप टूर ही आता नवलाई राहिलेली नाही. सोबत स्वयंपाकी महाराज, जैन जेवण, बॅगेत खाखरे आणि मेथीचे ठेपले. रोम, पिसा, व्हेनिस बघून मंडळी आठ-दहा दिवसांत परत. माझी त्याला मुळीच ना नाही. कष्टाने कमावलंय, तर जग जरूर बघावं.

पण इटलीतले सगळेच प्रवासी रोमलाच थांबत नाहीत. खाली सिसिली बेटावर शिक्ली, मोदिका, नोतो अशी छोटी गावं आहेत. जानेवारी १६९३ मध्ये मोठा भूकंप झाला आणि त्या भागातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. लोकांनी ती पुन्हा उभी केली, आणि त्या काळच्या बरोक शैलीत केली. बरोक म्हणजे दगडाला जणू जरतारी नेसवणं. वळणदार खांब, सज्ज्यांखाली कोरलेले चेहरे, कुठे साधी भिंत म्हणून सोडायची नाही. २००२ मध्ये अशी आठ गावं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आता लोक वाट वाकडी करून तिथे जातात, मुक्काम करतात, गावातल्याच दुकानात खरेदी करतात.

आता आपल्याकडे बघा. लासलगावहून मनमाड, तिथून येवल्याच्या रस्त्याला लागलं की अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात. टंकाईच्या कुशीत, अंकाई गावाच्या वर, जैन लेणी आहेत. अकराव्या-बाराव्या शतकातली. काही दुमजली आहेत. दारांच्या चौकटींवर आणि खांबांवर बोटभर जागा रिकामी सोडलेली नाही. एका लेण्याच्या छतावर दगडाचं मोठं कमळ आहे आणि त्याच्या पाकळ्यांवर नाचणाऱ्या, वाद्यं वाजवणाऱ्या आकृती कोरल्या आहेत. शांतिनाथ भगवान आहेत, पार्श्वनाथ भगवान आहेत, अंबिका देवी आहे. नक्षीच बघायची हौस असेल, तर ती सिसिलीतल्या गावांपेक्षा कितीतरी शतकं जुनी, आपल्या अंगणात आहे.

आणि आपण काय करतो? शिर्डीला जाताना त्याच रस्त्याने जातो. गाडीची काच वर, एसी चालू, "तो बघा किल्ला" म्हणायचं आणि पुढे.

या विषयावर मंडळात तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "आपण स्थानकवासी, आपल्याला मूर्तीचं काय?" अहो, इटलीतल्या चर्चमध्ये आपण पूजा करायला जातो का? तिथे मान वर करून छत बघतोच ना! मग ज्या आपल्या पूर्वजांनी छिन्नीच्या एकेका घावाने डोंगरात कमळ फुलवलं, त्यांच्यासाठी मान वर करायला काय हरकत आहे?

दुसरं, "मूर्ती झिजलेल्या, खंडित आहेत." घरातली आजी थकली, वाकली, म्हणून तिला भेटायला जायचं सोडतो का आपण?

तिसरं, "तिथे काही सोय नाही." हे खरं आहे. पण मी कॉमर्सवाली, मागणी नाही तिथे पुरवठा येत नाही हे पहिल्याच वर्षी शिकले. माणसं जायला लागली की चहाची टपरी येते, रिक्षा येते, गावातल्या बायकांच्या हाताला काम मिळतं. आपल्या लासलगावचंच बघा. ज्या कांद्याला माझ्या स्वयंपाकघरात जागा नाही, त्याच्या बाजारावर सगळं गाव उभं आहे. गिऱ्हाईक आलं की गाव आपोआप उभं राहतं.

नवीन संगमरवरी मंदिरासाठी आपण बोली लावतो, पाटीवर नाव येतं. जुन्या लेण्यांत पाटी नाही, म्हणून बोलीही नाही आणि पायही वळत नाहीत. ती लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तेव्हा पैसे द्यायचा प्रश्नच नाही. द्यायची आहे ती फक्त हजेरी. जिथे कोणी येत-जात नाही, तिथे दगडावर नावं खरडणाऱ्यांचं फावतं. चार सभ्य माणसांचा वावर असला, तर खरडणारा हात जरा बिचकतो. आणि आपणच गेलो नाही, तर उद्या नातवंडांना हे आपलं आहे असं सांगणार कोण?

तेव्हा माझा प्रस्ताव असा. चातुर्मास संपला, हवेत गारवा आला, की प्रत्येक महिला मंडळाने एक दिवस काढावा. सकाळी लवकर निघा, उन्हाआधी चढा. उकळलेलं पाणी, ठेपले, कैरीचं लोणचं बरोबर घ्या. गुडघे दुखत असतील तर घाई न करता, बसत-बसत जा. मूर्तींना तेल, कुंकू, वासक्षेप काही लावू नका, दिवा लावू नका, काजळीने दगड खराब होतो. आत बसून एक सामायिक करा, तेवढं पुरे. कचरा परत घरी आणा. उतरल्यावर गावातच काहीतरी विकत घ्या. दुपारी येवल्याला पैठणीचे माग बघा (मी बघा म्हटलंय, घ्या नाही, उगाच घरच्यांनी मला बोल लावायला नको). सूर्यास्ताआधी जेवायला घरी.

नातवंडांना नक्की न्या. मग ती उद्या इटलीला गेली आणि तिथल्या कोणी विचारलं, "तुमच्याकडे असं काही आहे का?", तर त्यांनी मोबाईलमध्ये शोधत बसू नये. छतावरचं ते कमळ त्यांना आठवायला हवं.