स्थलांतरितांचे गीत आणि श्रोत्याचा प्रश्न

स्थलांतरित समाजाच्या गीतांविषयी लिहिताना 'गतकातरता' हा शब्द फार सहजपणे योजला जातो. आयरिश भाषेतील पारंपरिक गीतांच्या संदर्भात तरी तो मूळ प्रश्न झाकून टाकतो, असे मला वाटते.

१८४५ ते १८५२ या काळातील दुष्काळात आयर्लंडमधील सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि किमान तितकीच परागंदा झाली. दुष्काळाचा सर्वाधिक तडाखा बसला तो पश्चिमेकडील आयरिशभाषक प्रदेशाला. तेथील 'शॅन-नोस', म्हणजे 'जुनी रीत', या गायनाला वाद्याची साथ नसते. त्याची लय बोलण्याच्या लयीला अनुसरते आणि सुरांचे अलंकरण कडव्यागणिक बदलते. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे की, गीतामागची कथा गीतात पुरतेपणी येतच नाही. ती श्रोत्यांना ठाऊक असते, अथवा गायक ती आधी सांगतो. तिला 'ऊदर' अशी संज्ञा आहे. क्वचित एखादा श्रोता गायकाचा हात हाती धरून तो लयीत फिरवीत राहतो. अशा गीताचा निम्मा भाग श्रोत्याजवळ असतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

परदेशात नाहीसा झाला तो हा श्रोता. चाली तगल्या: शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०३ मध्ये १८५० चाली छापल्या, परंतु शब्दांविना. पुढे 'आयरिश' म्हणून जगभर गाजले ते १९१२ सालचे 'व्हेन आयरिश आईज आर स्मायलिंग'. ते तर अमेरिकन रंगभूमीवरचे इंग्रजी गीत!

या पार्श्वभूमीवर कॉनेमारामधील कार्ना येथे १९१९ मध्ये जन्मलेल्या जो हीनी यांचे उदाहरण विचारात घ्यावे लागते. न्यूयॉर्कमध्ये द्वारपालाची नोकरी करणारा हा गायक अखेरच्या वर्षांत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवीत होता. १९८४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. आयरिश न जाणणाऱ्या श्रोत्यांना ते आधी गीताची कथा इंग्रजीत सांगत आणि मग गीत मूळ भाषेतच गात. या निवेदनाला तडजोड समजणारे शुद्धतावादी मत मला पटत नाही. 'ऊदर' परंपरेतच होता. येथे केवळ त्याची भाषा बदलली. म्हणून हीनींच्या गीतांची संहिता सिद्ध करताना ते इंग्रजी निवेदन तळटीपेत न टाकता गीताच्या आधी, मुख्य संहितेतच छापले पाहिजे.