तीच साडी पुन्हा नेसा की!

डोंबिवलीत मी ब्लाउज शिवते. पूर्वी बायका मापाचा ब्लाउज घेऊन यायच्या, आता मोबाइल पुढे करतात. २०१३ मध्ये ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तिच्यातल्या जान्हवीचं मंगळसूत्र फुटपाथवरही मिळू लागलं. तेव्हा गिऱ्हाइकाला जान्हवीसारखं हवं असायचं. जान्हवी साकारणारी तेजश्री प्रधान घरी काय घालते, याची कुणाला पडली नव्हती. आता उलट. मालिकेतली साडी राहते बाजूला, नटीनं रविवारी इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो माझ्या टेबलावर येतो.

मालिकेतले कपडे नटीचे नसतातच. गरीब घरची सून म्हटली की कॉटन, खलनायिका म्हटली की उघडी पाठ. एक प्रसंग आठवडाभर चालला तर कंटिन्युटीसाठी आठवडाभर तीच साडी. वर्षानुवर्षं दिवसाचे बारा-बारा तास दुसऱ्याच बाईच्या कपड्यांत काढल्यावर आपल्याला काय शोभतं हे उमगायला वेळ लागणारच. म्हणून मालिका संपली की आधी केसांवर कात्री चालते आणि काही दिवस साडीचं नावही नको असतं.

काही जणींना मात्र आपला सूर सापडतो. ‘जुळून येती रेशीमगाठी’ मालिकेत प्राजक्ता माळीनं साकारलेली साधीसुधी मेघना आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ कार्यक्रमात साडी-दागिन्यांत मिरवणारी प्राजक्ता यांत किती अंतर आहे बघा. २०२३ मध्ये तिनं ‘प्राजक्तराज’ हा पारंपरिक दागिन्यांचा ब्रँडच काढला. प्रिया बापटनं केस आखूड केले, पण साडी सोडली नाही. बहीण श्वेताबरोबर ‘सावेंची’ नावानं साड्याच आणल्या. ‘आखूड केसांवर साडी बरी दिसत नाही हो,’ असं कुणी म्हणालं की मी प्रियाचा फोटो दाखवते.

माझी तक्रार वेगळीच आहे. नट्यांच्या फोटोत रोज नवी साडी, रोज नवा ब्लाउज, आणि त्यातलं बरंचसं उसनं. स्टायलिस्ट आणते, फोटो निघतो, कपडे परत जातात. ब्लाउज मापाचा नसला की पाठीमागून पिना मारतात. फोटोत पिना दिसत नाहीत, पण काखेतली ओढ माझ्या नजरेतून सुटत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘ताई, अगदी अस्संच फिटिंग हवं.’ अहो, पाठीला पिना लावून पंगतीला बसणार आहात का?

रोज बदलतं त्याला मी कुणाची स्टाइल म्हणणार नाही. आवडलेला कपडा बाई पुन्हा घालते, इतकं साधं आहे ते. नव्वदच्या दशकात ‘सुरभि’ या टीव्ही कार्यक्रमात पाहिलेली रेणुका शहाणे आजही साडीत तितकीच सहज वाटते, ती काही रोज नवं दाखवते म्हणून नव्हे.

मी प्रत्येक ब्लाउजच्या शिवणीत इंचभर माया ठेवते ती उगाच नाही. दहा वर्षांनी तोच ब्लाउज उसवून सैल करून न्यायला माझ्याकडे बायका येतात, आणि आवड कळलेली गिऱ्हाइकं मी त्यांनाच म्हणते. पुरस्कार सोहळ्याला जी नटी पाच वर्षांपूर्वीची साडी, तोच ब्लाउज सैल करून, नेसून येईल, तिचा फोटो मी दुकानात फ्रेम करून लावीन. खिळा ठोकून ठेवलाय.