तलावाची मासळी आणि व्यापाऱ्याची उचल

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पण देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा, मेहकरकडे पेनटाकळी, मोताळ्याकडे नळगंगा अशी धरणे आहेत. तेथील मासळी भोई बांधव धरतात आणि बाजारात ती विकणाऱ्यांत आपले बांधवही आहेत. म्हणून हा प्रश्न आम्ही या पानावर घेत आहोत.

कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालतात, धरणाच्या संथ पाण्यात सहसा नाही. त्यामुळे बोटुकली विकत आणून सोडावी लागते. चांगल्या पाण्यात कटला वर्षभरात किलोच्या आसपास जातो. पण पाव किलोचा असतानाच तो बारीक आसाच्या जाळ्यात आला की पुढचे सगळे वजन बुडाले. मासेमाराला हे कळत नाही असे नाही. होडीच्या दुरुस्तीसाठी, जाळ्यासाठी त्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला तो मिळेल ते काढतो. होडी फुटलेलीच राहिली तर थर्माकोलच्या तराफ्यावर जीव टांगतो.

इंडोनेशियाने २०१४ पासून चोरटी मासेमारी करणारी परदेशी जहाजे पकडून बुडवली. येथे व्यापाऱ्याने लहान मासा नाकारला तरी पुष्कळ होईल. आणि उचलीच्या बदल्यात भाव पाडून घेणे हे आडवाटेचे व्याजच नव्हे काय?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत होडी-जाळ्यांना ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले गेले. उरलेल्या रकमेसाठी आपल्या बिनव्याजी पतसंस्थांनी मच्छीमार संस्थांना हात द्यावा. तोही पावसाळ्यापूर्वी, होड्या काठावर उलट्या पडलेल्या असतात तेव्हा.